झांजिबारचा पाऊस कुणी मोजायचा?

आज पदवी घेतलेल्या माझ्या मुला-मुलींनो,

कुलगुरूंनी मला सांगितलं होतं की आंतरराष्ट्रीय हवामान परिषदांविषयी बोला, आफ्रिकेत काय पाहिलंत ते सांगा. त्याविषयीच बोलते, पण सुरुवात पुण्यापासून करावी लागेल, कारण माझी आफ्रिकेशी ओळख पुण्यातच झाली.

मी हवामान खात्यातली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात नोकरीला लागले. खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं तेव्हापासून त्या इमारतीला लोक सिमला ऑफिसच म्हणतात. तुमच्या विषयाचं मूळही तिथलंच. डॉ. एल. ए. रामदासांनी 1932 मध्ये कृषी हवामानशास्त्राचा विभाग पुण्यातच सुरू केला. माझ्या वाट्याला मात्र मोसमी पावसाच्या लांब पल्ल्याच्या अंदाजाचं काम आलं, आणि त्या निमित्ताने ग्रंथालयात गिल्बर्ट वॉकर यांचे जुने निबंध हाती लागले. वॉकर 1904 ते 1924 भारतातल्या वेधशाळांचे प्रमुख होते. 1899 च्या दुष्काळाने हादरलेल्या सरकारला पुढच्या वर्षीचा पाऊस आधी कळायला हवा होता. वॉकरांनी जगभरच्या नोंदी मागवल्या आणि आपल्या पावसाशी त्यांचं नातं तपासलं. शेवटी त्यांनी जी समीकरणं बसवली त्यांत झांजिबारचा पाऊस होता, दक्षिण ऱ्होडेशियाचा, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेचा पाऊस होता. नाईलच्या पुराचे आकडेही त्यांनी तपासले होते.

विचार करा. साताऱ्याच्या किंवा बुलढाण्याच्या शेतकऱ्याला यंदा पाऊस कसा राहील हे सांगण्यासाठी झांजिबारमध्ये कुणीतरी रोज सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजत होतं. त्या माणसाचं नाव कुठल्याच निबंधात नाही.

आणि हे नातं केवळ आकड्यांचं नाही. आपल्या सह्याद्रीवर जो पाऊस कोसळतो तो ज्या वाऱ्यावर येतो, तो वारा जून-जुलैत केनियाच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतो, सोमालियाच्या कडेने वळतो आणि अरबी समुद्रावरून आपल्याकडे येतो. जमिनीपासून साधारण एक ते दीड किलोमीटर उंचीवर वाहणारा हा झोत फिन्डलेटर नावाच्या हवामानतज्ज्ञांनी साठच्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या नोंदींवरून मांडला. आपला मान्सून आफ्रिकेला लागून येतो. एका वार्षिक अहवालासाठी मी यावर दोन पानं लिहिली होती. वरिष्ठांनी निळ्या पेन्सिलीने ती उभी छाटली आणि समासात लिहिलं, “आपल्या कामाचं नाही.” मी तेव्हा नवीन होते, गप्प राहिले. पण तो शेरा मला पुढे किती ठिकाणी, किती देशांच्या तोंडून ऐकायला मिळाला याची गणती नाही.

नव्वदच्या दशकात मी नैरोबीला गेले, दुष्काळावर लक्ष ठेवणाऱ्या प्रादेशिक केंद्रात. नैरोबीच्या महाराष्ट्र मंडळातल्या कुटुंबांनी सुरुवातीला घर शोधून दिलं, सणावारी बोलावलं, त्यांचं ऋण आहेच. पण मला घडवलं ते केंद्रातल्या सहकाऱ्यांनी. केनिया, इथिओपिया, सुदान, युगांडा, टांझानिया अशा देशांतून आलेले तरुण हवामानतज्ज्ञ तिथे होते. पूर्व आफ्रिकेत पावसाचे दोन हंगाम. मार्च ते मे मसिका, ऑक्टोबर ते डिसेंबर वुली. दोन्हींचा अंदाज बांधायचा आणि अकराएक देशांना कळवायचा.

1997 साल मी कधी विसरणार नाही. प्रशांत महासागरात शतकातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक एल निनो उभा राहिला होता. भारतात सगळे दुष्काळाच्या धास्तीत होते, पण आपला पाऊस सरासरीइतका झाला. आणि तिकडे वुलीचा पाऊस असा कोसळला की केनियातले रस्ते आणि पूल वाहून गेले, सोमालियात जुबा नदीने गावंच्या गावं पाण्यात घातली, आणि पाठोपाठ गुरांमधून माणसांत रिफ्ट व्हॅली तापाची साथ पसरली. आम्ही जादा पावसाचा इशारा दिला होता. तो मंत्रालयांपर्यंत पोहोचला, दूतावासांपर्यंत पोहोचला, परदेशी संस्थांच्या टेबलावर पोहोचला. जुबाकाठच्या गुराख्यापर्यंत पोहोचला नाही. इतका पाऊस नेमका का झाला, याचा उलगडा 1999 मध्ये झाला. साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता या चौघांनी हिंदी महासागरातला द्विध्रुव जगापुढे मांडला: समुद्राचं पश्चिमेकडचं पाणी तापतं, पूर्वेकडचं थंड होतं, आणि पूर्व आफ्रिकेवर ढग फुटतात. त्याच द्विध्रुवाचा आपल्या मान्सूनला हात लागतो. 2019 आठवा. ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं. त्याच वर्षी द्विध्रुव कमालीचा तीव्र झाला आणि ऑक्टोबरपासून केनिया, सोमालिया, इथिओपियात पूर आले. ओल्या जमिनीत टोळधाडी वाढल्या. पुढच्या मे महिन्यात टोळ राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून अमरावती-नागपूरच्या शिवारात उतरले. तुमच्यातली काही मुलं तेव्हा शाळेत असतील, घरच्या मंडळींनी ताटं वाजवून टोळ हाकलले असतील. तेव्हा “आपल्या कामाचं नाही” असं म्हणायची सोय विदर्भातल्या कुठल्या शेतकऱ्याला होती?

मी नोंदींविषयी बोलत होते. नैरोबीच्या पूर्वेला मचाकोसच्या पुढे, किटुईच्या वाटेवर कोरडा मुलूख लागतो. तिथल्या एका मिशन शाळेच्या आवारात पितळी कडेचा पर्जन्यमापक होता आणि एक निवृत्तीला आलेले शिक्षक तो सांभाळत. सगळे त्यांना म्वालिमू म्हणत, म्हणजे मास्तर. सकाळी नऊ वाजता ते मापक उघडत, बाटलीतलं पाणी काचेच्या नळीत ओतत, नळी डोळ्यांच्या रेषेत धरत, आणि जाड पुठ्ठ्याच्या रजिस्टरात आकडा लिहीत. पाऊस नसेल त्या दिवशीही शून्य लिहीत. मला त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं की कोरी जागा आणि शून्य यांत फरक आहे. कोऱ्या जागेचा अर्थ माणूस आला नाही, शून्याचा अर्थ पाऊस आला नाही. त्यांच्या आधी त्यांच्या शिक्षकांनी लिहिलेलं होतं. चाळीसएक वर्षांचा सलग पाऊस त्या कपाटात होता, कडेला बारीक अक्षरात मका कधी पेरला, टोळ कधी आले, विहीर कधी आटली.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा कपाटात ती रजिस्टरं नव्हती. परदेशातून एक संशोधक आला होता, नक्कल करून परत पाठवतो असं सांगून घेऊन गेला. ती परत आली नाहीत. काही वर्षांनी त्या आकड्यांवर बेतलेला एक लेख मी एका प्रतिष्ठित नियतकालिकात वाचला. आलेख उत्तम होते. शाळेचा उल्लेख नव्हता, मास्तरांचा नव्हता, आणि तो लेख वाचण्यासाठी केनियाच्या हवामान विभागातल्या माझ्या सहकाऱ्याकडे पैसे मागितले जात होते. मी बरीच पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. मास्तरांनी मात्र नवीन वही आणून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली होती.

माझ्या व्यवसायाविषयी माझी हीच सर्वांत जुनी तक्रार आहे, आणि ती नुसती परदेशी लोकांविषयी नाही. आमच्या व्यवसायात मोजणाऱ्याला मान नाही. मॉडेल चालवणाऱ्याला आहे, अहवाल लिहिणाऱ्याला आहे, त्याहून जास्त अहवालाचं सादरीकरण करणाऱ्याला आहे. आफ्रिकेत मी एकामागून एक प्रकल्प येताना पाहिले. प्रत्येक प्रकल्प स्वयंचलित हवामान केंद्रं घेऊन यायचा. उद्घाटन व्हायचं, फोटो निघायचे. तीन-चार वर्षांनी प्रकल्प संपला की बॅटरी बदलायला पैसे नाहीत, आत बसवलेल्या सिमकार्डाचं रिचार्ज कुणी करायचं हे ठरलेलं नाही. मी एका केंद्राचं झाकण उघडलं तर पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पाखरांनी घरटं केलं होतं आणि यंत्र गेली दोन वर्षं शून्य मिलिमीटर पाठवत होतं. ते शून्य आकडेवारीत गेलं होतं, दुष्काळ म्हणून. म्वालिमूंचं शून्य आणि हे शून्य संगणकाला सारखंच दिसतं.

संपूर्ण आफ्रिका खंडात मिळून हवामानाची 37 रडार आहेत. युरोपात 345, उत्तर अमेरिकेत 291. 2023 च्या मे महिन्यात रवांडा आणि काँगोच्या किवू भागात पूर आले, दरडी कोसळल्या, पाचशेहून अधिक माणसं गेली. त्या पावसात हवामानबदलाचा वाटा किती, हे तपासायला शास्त्रज्ञांचा एक आंतरराष्ट्रीय गट बसला. त्यांना निष्कर्ष काढता आला नाही, कारण त्या डोंगरांमधल्या पुरेशा नोंदीच हाती नव्हत्या. जर्मनीत 2021 मध्ये पूर आला तेव्हा अशाच अभ्यासाचं उत्तर काही आठवड्यांत मिळालं होतं.

आता वाटाघाटींकडे येते. मी त्या जगात शिरले ती 2006 मध्ये, परिषद नैरोबीला भरली तेव्हा. हवामान कराराची सहारापलीकडच्या आफ्रिकेतली ती पहिली परिषद. गिगिरीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आवारात केनियाच्या पर्यावरणवादी वांगारी मथाई आल्या होत्या. त्यांना नोबेल मिळून दोनच वर्षं झाली होती आणि एक अब्ज झाडांच्या मोहिमेची हाक त्यांनी तिथून दिली. टीव्हीवर तेच दिसलं. मी मात्र मागच्या खोल्यांमध्ये होते, एका लहान आफ्रिकी देशाच्या शिष्टमंडळाला तांत्रिक मदत करायला. पुढे हेच माझं काम झालं. दर जूनमध्ये बॉन, दर वर्षअखेरीला नवं शहर.

तुम्हाला वाटत असेल, तिथे पुढारी भाषणं करतात आणि करार होतो. करार होतो तो चाळीस खुर्च्यांच्या, खिडक्या नसलेल्या खोलीत. समोरच्या पडद्यावर मसुद्याचं एक पान असतं. ज्या शब्दावर एकमत नाही तो कंसात. एका परिच्छेदात कंसात कंस, त्यात तिसरा कंस. मोठ्या सभागृहात सहा भाषांत दुभाषे असतात; या खोल्यांमध्ये नसतात, सगळं इंग्रजीत. मोझांबिक, अंगोला, गिनी-बिसाऊ यांची पोर्तुगीज तर त्या सहा भाषांतही नाही. फ्रेंच शाळेत शिकलेला चाडचा माणूस पहाटे दोन वाजता इंग्रजी उपवाक्यांशी झुंजतो, आणि समोरच्या बाकावर श्रीमंत देशाच्या पाच जणांत दोन वकील असतात. त्याच वेळी शेजारच्या खोल्यांत आणखी दहा विषय चालू असतात. ज्या देशाची दोन माणसं आली आहेत त्याने कुठे बसायचं? शिवाय व्हिसा. बैठकीला माणूस निघालाच नाही, कारण दूतावासाचा शिक्का वेळेत पडला नाही, असं मी कितीदा पाहिलं. रिकाम्या खुर्चीला कंस घालता येत नाही.

हवामानबदलामुळे होणाऱ्या नुकसान आणि हानीच्या विषयावर एकदा अशीच रात्र होती. आमच्या शिष्टमंडळातल्या बाई जलसंपदा मंत्रालयातल्या, स्वतः अभियंता, आपल्या देशातल्या प्रत्येक नदीचं पात्र पायाखाली घातलेल्या. त्यांनी अतिवृष्टी वाढते आहे असं एक वाक्य मसुद्यात मागितलं. समोरून अगदी सभ्य आवाजात प्रश्न आला: आपल्या प्रदेशासाठी याचा प्रकाशित पुरावा कोणता? बाईंनी पूर सांगितले, वर्षं सांगितली, वाहून गेलेले पूल सांगितले. समोरच्याने शास्त्रीय अहवालातलं वाक्य वाचून दाखवलं की या भागासाठी पुरावा मर्यादित आहे. वाक्य कंसात गेलं आणि दुसऱ्या दिवशी कंसासकट गेलं. हवामानबदलाचा शास्त्रीय आढावा घेणाऱ्या आयपीसीसीच्या 2021 च्या अहवालात जगाचा षटकोनांचा नकाशा आहे. अतिवृष्टीच्या त्या नकाशात आफ्रिकेचे कित्येक षटकोन करडे आहेत. तिथे बदल झालेला नाही म्हणून ते करडे नाहीत. मोजलेलं नाही, मोजलेलं छापलेलं नाही, किंवा छापणारा दुसराच कुणी आहे, म्हणून.

त्या रात्री हॉटेलवर परतताना त्या बाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मला किटुईच्या वाटेवरचं ते रिकामं कपाट आठवत होतं.

आणि तरीही, मुलांनो, याच खोल्यांमध्ये मी आफ्रिकेचं नेतृत्व उभं राहताना पाहिलं. आफ्रिकी देशांचा गट 1995 मध्ये बर्लिनच्या पहिल्या परिषदेत एकत्र आला. 54 देश, अरबी बोलणारे, फ्रेंच बोलणारे, तेल विकणारे, तेल घेणारे, बेटं आणि वाळवंटं. त्यांचं एकमत होणार नाही असं सगळे गृहीत धरून असत. 2009 च्या नोव्हेंबरात बार्सिलोनाच्या बैठकीत या गटाने श्रीमंत देशांच्या उत्सर्जन-कपातीचे आकडे ठरेपर्यंत पुढे बोलणार नाही असं सांगून काम थांबवलं. महिन्याभराने कोपनहेगनला सुदानचे लुमुम्बा दि-आपिंग विकसनशील देशांच्या वतीने बोलत होते. जगाची सरासरी दोन अंशांनी वाढली तर आफ्रिकेच्या भूमीवर ती त्याहून बरीच जास्त वाढते, हे ते जीव तोडून सांगत होते. आफ्रिकी संघटनांच्या बैठकीत त्यांना रडू आवरलं नाही. वर्तमानपत्रांनी त्यांना आक्रस्ताळे ठरवलं. त्याच परिषदेत इथिओपियाचे पंतप्रधान मेलेस झेनावी आफ्रिकेच्या राष्ट्रप्रमुखांच्या वतीने पैशांच्या आकड्यावर बोलत होते, आणि त्यांच्या तडजोडीवर आफ्रिकेतूनच टीका झाली. मला दोघांविषयी आदर आहे. सहा वर्षांनी पॅरिस करारात दीड अंशाचं उद्दिष्ट लिहिलं गेलं. त्यात लहान बेटांचा वाटा मोठा आहेच, पण कोपनहेगनच्या त्या अश्रूंचाही आहे, असं मी मानते.

2013 मध्ये आफ्रिकी गटाने आणखी एक गोष्ट टेबलावर ठेवली. उत्सर्जन कमी करायचं जागतिक उद्दिष्ट असेल तर बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचंही जागतिक उद्दिष्ट हवं. तेव्हा मोठ्या देशांनी ही मागणी फारशी मनावर घेतली नाही. 2015 मध्ये ती पॅरिस कराराचं सातवं कलम झाली. 2023 ला दुबईत तिचा आराखडा ठरला, 2025 ला ब्राझीलमध्ये बेलेंला 59 निर्देशांक स्वीकारले गेले, आणि त्यांवर वाद संपलेला नाही. काँगोचे तोसी एम्पानू-एम्पानू, मालीचे सेनी नाफो, झांबियाचे एफ्राइम शिटिमा, केनियाचे अली मोहम्मद, टांझानियाचे रिचर्ड मुयुंगी. गटाचे अध्यक्ष बदलत गेले, पण यांतली बरीच माणसं वर्षानुवर्षं त्याच खोल्यांत येत राहिली. मागच्या वेळी कुणी काय कबूल केलं होतं हे त्यांना पाठ होतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सरकार बदललं की वाटाघाटीचा माणूस बदलणारे देश दर वेळी पहिल्या पानापासून सुरू करतात.

आफ्रिकेला सगळं मिळालं असं नाही. 1992 च्या मूळ कराराच्या चौथ्या कलमात दुष्काळ, वाळवंटीकरण आणि पुरांच्या संदर्भात आफ्रिकेचं नाव घेतलेलं आहे. तरी आफ्रिकेच्या विशेष गरजा हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर यावा यासाठी गट वर्षानुवर्षं झगडतो आणि तो दर वेळी बाजूला पडतो. इतर विकसनशील देशही त्याला विरोध करतात. कोपनहेगनला श्रीमंत देशांनी दिलेलं वर्षाला 100 अब्ज डॉलरचं वचन 2020 सालासाठी होतं. देणाऱ्यांच्याच हिशेबाने ते 2022 मध्ये पुरं झालं, त्यातलं बरंचसं कर्ज. 2022 च्या नोव्हेंबरात शर्म अल-शेखला रविवारी पहाटे नुकसान आणि हानीचा निधी मान्य झाला तेव्हा मी सभागृहात उभी होते आणि शेजारच्या अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. दोन वर्षांनी बाकूमध्ये गरीब देशांनी वर्षाला 1.3 लाख कोटी डॉलरची गरज मांडली होती. 2035 पर्यंत 300 अब्जांवर हातोडा पडला. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी सभागृहातच आक्षेप घेतला, नायजेरियाच्या प्रतिनिधींनी त्यांना साथ दिली. तो निर्णय अन्यायाचा होता, मी आजही तसंच म्हणते. जगाच्या उत्सर्जनात ज्या खंडाचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी आहे, जिथे साठ कोटी माणसांच्या घरात वीज नाही, त्या खंडाशी हा व्यवहार झाला.

डर्बनविषयी एक सांगायचं राहिलं. 2011. परिषद दीड दिवस लांबली होती. शेवटच्या पहाटे अध्यक्षबाई, दक्षिण आफ्रिकेच्या माइते नकोआना-माशाबाने, यांनी भारत आणि युरोपच्या प्रतिनिधींना तिथेच सभागृहात घोळका करून तोडगा काढायला सांगितलं. मध्ये आपल्या मंत्री जयंती नटराजन, समोर युरोपच्या कॉनी हेडेगार्ड, भोवती शंभरेक माणसं. मी आफ्रिकी शिष्टमंडळाचा बिल्ला लावून उभी होते. भारत समन्यायासाठी भांडत होता, आणि ते बरोबर होतं. माझे आफ्रिकी सहकारी सगळ्यांना बांधणारा करार आत्ताच हवा म्हणत होते, आणि त्यांच्याकडे थांबायला वेळ नव्हता. दोघांमध्ये फट पडली की फायदा कुणाचा होतो हे त्या खोलीत प्रत्येकाला कळत होतं. परत आल्यावर इथल्या वर्तमानपत्रांत वाचलं तर भारत जिंकला की हरला एवढीच चर्चा. आफ्रिकेने काय मागितलं होतं, एक ओळ नाही. आपण स्वतःला विकसनशील देशांचा आवाज म्हणवतो. मग आफ्रिकेचा आवाज ऐकण्याचं काम आधी आपलं.

आता तुम्हाला जे बजावायचं आहे ते बजावते. तुमच्या पावसाची, तुमच्या मातीची, तुमच्या नुकसानीची नोंद दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ देऊ नका, आणि ती ठेवायचं काम कमीपणाचं समजू नका. तुम्हाला हे परक्या देशाचं वाटायला नको. आपल्याकडे महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी. तुमच्या वडिलांच्या वावरात नव्वद झाला, सोयाबीन आडवं झालं, आणि मंडळाच्या मापकात साठ भरला, तर पंचनाम्याच्या वेळी त्या शेतकऱ्याने काय करायचं? तो रात्रभर पाऊस अंगावर घेतलेला माणूस आहे, पण कागद त्याच्या विरुद्ध आहे. पहाटे अडीचला त्या अभियंता बाईंच्या समोर हाच कागद होता. तिथे एक देश होता, इथे एक शिवार आहे.

तुमच्यातले पुष्कळ जण स्पर्धा परीक्षांना बसतील, काही बँकांत जातील, काही खतांच्या कंपन्यांत. जिथे जाल तिथे तुमच्या हाती आकडे येतील. तलाठ्याकडून, कृषी सहायकाकडून, यंत्राकडून. यंत्राने पाठवलेलं शून्य एकदा तरी जाऊन बघा. आणि जो माणूस मोजतो त्याचं नाव अहवालात घाला. मी हे तीस वर्षांपूर्वी मागत होते, आजही मागते, कारण आजही ते होत नाही.

आफ्रिकेकडे मी आशेने बघते ती याच कारणासाठी. नैरोबीत 2023 ला आणि अदिस अबाबाला 2025 ला आफ्रिकेने स्वतःच्या हवामान परिषदा भरवल्या आणि आपल्या अटी आपण लिहिल्या. केनियाची वीज आज बहुतांश नवीकरणीय स्रोतांतून येते, त्यातली बरीच ओल्कारियाच्या भूगर्भातल्या वाफेवर. इथिओपियाने पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांची आयात बंद केली. दुबईच्या आराखड्यात 2027 पर्यंत प्रत्येक देशात पूर्वसूचनेची यंत्रणा आणि पद्धतशीर निरीक्षणं उभी राहावीत असं लिहिलं आहे, आणि ते तसंच कागदावर राहू नये म्हणून आफ्रिकी हवामान विभागांतले तरुण झटत आहेत. जुन्या गोदामांत पडलेली रजिस्टरं शोधायची, बुरशी झटकायची, पानन् पान संगणकात उतरवायचं, हे काम कित्येक देशांत चालू आहे. त्यात मुली मोठ्या संख्येने आहेत. मला त्यांचा अभिमान वाटतो. 2027 मध्ये जागतिक हवामान परिषद अदिस अबाबाला आहे, आणि ही मंडळी तिथे आपल्या नोंदी घेऊन बसतील अशी माझी उमेद आहे.

कुलगुरू साहेब, तुमच्याकडे एक मागणी आहे, सगळ्यांच्या समोर करते. काल संध्याकाळी मी आपल्या विद्यापीठाची कृषी हवामान वेधशाळा पाहिली. सकाळी साडेआठच्या नोंदी आजही होतात, निरीक्षकांचं अक्षर मोत्यासारखं आहे. पण जुनी रजिस्टरं मागच्या खोलीत खतांच्या पोत्यांशेजारी ठेवली आहेत, खालच्या गठ्ठ्यांना ओल लागली आहे. या पावसाळ्याआधी ती तिथून हलवा. पुढच्या वर्षीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ती संगणकात उतरवायचा प्रकल्प द्या, आकडे सर्वांना मोफत खुले करा, आणि ज्या निरीक्षकांनी ती लिहिली त्या सगळ्यांची नावं पहिल्या पानावर छापा. अदिसच्या परिषदेत नोंदी वाचवण्याच्या कामावर आफ्रिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर एक बैठक घ्यायचा माझा प्रयत्न चालू आहे. तिथे या विद्यापीठाचं काम मांडायला माझ्याऐवजी इथल्याच कुणी उभं राहावं. ज्यांची तयारी असेल त्यांनी समारंभानंतर मला भेटा. मी उद्या दुपारपर्यंत अतिथिगृहात आहे.